अठरा चाकांचं माहेर

॥ श्री ॥

प्लेनो, टेक्सास
१५ जानेवारी २००६

चि. सौ. शैलास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोलायचं की नाही ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

तुझा पत्ता लिहिताना दरवेळी माझा हात अडतो. वर तुझं नाव, खाली एका गावाचं नाव, आणि पोस्टाने ठेवून घ्यावे म्हणून विनंती. माणसाचा असा पत्ता असतो का गं? पुढच्या आठवड्यात तुम्ही अमॅरिलोवरून जाणार असं तू कळवलंस म्हणून तिथे पाठवते आहे. आमच्या पोस्टातल्या बाईने मला हळूच विचारलं की तुमची बहीण तुरुंगातून सुटली आहे का. मी म्हटलं, नाही, अजून सुटायची आहे. फोन करावा, तर तू दोन वाक्यं बोलतेस आणि मध्ये डोंगर येतो. माझं बोलणं मध्येच तोडायची हिंमत तुझ्या भावोजींना तीस वर्षांत झाली नाही. म्हणून पत्र. पत्रात मी पूर्ण बोलते.

मुद्दा राधिकाचा. पोरीला चौथा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुला मी सांगायचं का? आणि माहेर कुठे आहे? ट्रॉयचं चांगलं चार खोल्यांचं घर विकलंत. लोकांच्या नोकऱ्या जातात गं. ते दुसरी शोधतात, आंबट तोंड करून बसतात, फार तर योगासनं करतात. मोटारीच्या कारखान्यातून सुटलेल्या इंजिनियरने ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर घर बांधलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. इथल्या मंडळात मी काय सांगितलंय ठाऊक आहे ना? गिरीशराव लॉजिस्टिक्समध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सतत दौऱ्यावर असतात. यातलं एक अक्षर खोटं नाही.

तेव्हा राधिकाला माझ्याकडे पाठव. पाच बेडरूम रिकाम्या पडल्यात, तुझे भावोजी एका कोपऱ्यात मावतात. निमिषला मी रेडमंडला फोन करणारच आहे. जावई पुण्याचा आहे, पण ऐकतो.

आणि एक. तुमचं देवघर कुठल्या दिशेला आहे? ट्रक वळला की देवही वळत असतील. मला रात्री हा विचार येऊन झोप लागत नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहून रागाव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

किंगमन, ॲरिझोना
८ फेब्रुवारी २००६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. अमॅरिलोच्या पोस्टमास्तरांनी डबा हलवून पाहिला आणि पक्ष्यांसाठी आहे का विचारलं. ह्यांनी त्यांच्या हातावर एक लाडू ठेवला. तो फुटता फुटेना, पण माणूस सज्जन, तोंडातून काढला नाही.

आधी देवांची काळजी मिटवते. तुझं पत्र वाचून ह्यांनी देवघर एका फिरत्या चकतीवर बसवलं आणि शेजारी होकायंत्र चिकटवलं. पूजा आम्ही ट्रक उभा असतानाच करतो. आधी चकती फिरवून देवांना जागेवर आणायचं, खिट्टी लावायची, मग दिवा. बाळकृष्ण अमेरिकेतला सर्वात फिरलेला बाळकृष्ण असेल, पण त्याची दिशा कधी चुकत नाही. तुझ्या घरातल्या देवांचं तोंड कुठे आहे ते एकदा बघून घे.

घर म्हणशील तर चालवायच्या जागेमागे माझी अख्खी खोली आहे. पलंग, त्याच्यावर एक माचा, दोन शेगड्या, फ्रिज, न्हाणीघर. पलंगावर बसल्याबसल्या मी पोळी भाजते आणि फोडणी परतते. तुझ्या स्वयंपाकघरात मीठ आणायला जाऊन परत यायचं म्हणजे चपला घालाव्या लागतात. काल इथे दिवसभर मुक्काम होता, म्हणून पुढच्या काचेखाली कोहळ्याचे सांडगे वाळत घातले. संध्याकाळपर्यंत खडखडीत. शेजारच्या ट्रकवाल्याने येऊन ह्यांना विचारलं, समोर सगळं काय सांडलंय, मदत हवी का?

आता खरं लिहिते. राधिकाचा फोन आला होता. तिने तिच्या अर्ध्या इंग्रजीत विचारलं की आई, मी येऊ कुठे, कुठल्या एक्झिटला? मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. आमचं गरम पाणी सहा मिनिटांत संपतं, त्यामुळे रडणंही आटोपशीर होतं. ट्रॉयचं घर विकलं तेव्हा ती म्हणाली होती की तुम्ही माझं घर विकताय, तुमचं नाही. वडिलांशी महिनाभर बोलली नाही. ह्यांना तो ट्रक म्हणजे जीव परत मिळाल्यासारखं झालंय गं ताई, नोकरी गेल्यावर भिंतीकडे बघत बसायचे ते तू पाहिलं नाहीस. मला पण आवडतो. पण पोरीचं माहेर आम्ही विकलं ही टोचणी जात नाही.

तुझी पाचही बेडरूम सुंदर आहेत. पण मला माझी लेक माझ्याकडे यायला हवी आहे, तुझ्याकडे नाही. लिहून टाकलं एकदाचं.

ती. भावोजींना नमस्कार. माया पातळ करू नये ही विनंती.

तुझी,
शैला


॥ श्री ॥

प्लेनो
२० मार्च २००६

चि. सौ. शैलास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस अजिबात बोलले नाही. तुझ्या भावोजींना वाटलं माझी तब्येत बिघडली. मग पाचव्या दिवशी देव बघितले. त्यांचं तोंड धुण्याच्या मशीनकडे आहे. कोणाला सांगू नकोस.

तर मी ठरवलं होतं की बाळंतपणाचं नंतर बघू, सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण तरी माझ्याकडे. एकोणतीस एप्रिल. झोपाळ्यावरचं. मंडळातल्या साठ बायकांना तोंडी आमंत्रण देऊन झालं. आणि काल निमिषचा फोन. राधिकाचं ब्लड प्रेशर वाढलंय, डॉक्टरीणबाईंनी विमान बंद केलंय. गाडीतून जवळपास फिरली तर चालेल. म्हणजे प्लेनोही नाही आणि काहीच नाही. निमिष सांगत होता, ती म्हणाली की बरं झालं, आता कुठे जायचं हा प्रश्नच मिटला. हे असं बोलणं मला आवडत नाही शैला. हे रडू आवरलेल्या माणसाचं बोलणं आहे.

पोरीचं डोहाळजेवण तिथे जाऊन करायचं. त्यासाठी चांदीची ताटं, पाट, चौरंग, समई, हिरवी पैठणी, अनारशांचे दोन डबे, आणि खणांची पिशवी न्यायची आहे. विमानवाले एवढं नेऊ देत नाहीत, आणि माझी चांदी मी नजरेआड करत नाही. तुम्हाला एप्रिलमध्ये इकडून तिकडे माल मिळणार असेल तर मलाही मालात धरा.

फक्त ट्रक आमच्या घरापर्यंत आणू नका. हमरस्त्यावर थांबा, मी चालत येईन. मंडळातल्या चारजणी आमच्याच गल्लीत राहतात.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

वायोमिंगमध्ये कुठेतरी
२४ एप्रिल २००६

ती. स्व. यांस स. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. आधी लेटरबॉक्सबद्दल. गिरीशरावांना हमरस्त्यावर थांबा म्हणून बजावलं होतं, पण चौरंग उचलून ताईंनी चालायचं म्हणजे काय, असं म्हणून ते प्रेमाने गल्लीत शिरले. मग वळायला जागा कुठली? शेजाऱ्यांचा लेटरबॉक्स जाणारच होता. तुम्ही हात जोडून माफी मागत होतात ते मला मागच्या आरशात फार वेळ दिसत होतं.

तुम्हाला विश्वासात घेऊन एक सांगते. काल दुपारी जेवण करून मी पलंगावर पडले. पट्टे बांधून झोपायचं असतं इथे, अनारशांच्या डब्यांनाही बांधलंय. डुलकी लागली. जागी झाले तर वरच्या माच्यावर गिरीशराव चक्क घोरत होते. आणि ट्रक चालू होता. मी मनाशी रामरक्षा म्हणायला घेतली आणि पडदा बाजूला केला. गाडी आपली शैला चालवत होती. जीन्स, केसांना पंजा-क्लिप, तोंडात सुपारी. गेल्या वर्षी रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय म्हणे. ताई ओरडेल म्हणून सांगितलं नव्हतं. मी ओरडलेच. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग डोंगर उतरायचाय, जरा गप्प बस म्हणाली, आणि मी बसले. लहानपणी सायकलवर पाय पोचत नव्हता म्हणून माझ्यामागे रडत धावायची ती.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. काय उंच बसतो हो आपण! सगळ्या मोटारींची टपं दिसतात. एका पोराने खालून हात हलवून भोंगा वाजवा अशी खूण केली. शैलाने दोरी माझ्या हातात दिली. मी वाजवला. मग आणखी काही वेळा वाजवला. शेवटी गिरीशरावांनी उठून दोरी वर बांधून ठेवली.

आज सकाळी माल वजन करायच्या नाक्यावर एका अधिकाऱ्याने आत डोकावून पाहिलं. चकतीवरचे देव, चांदी, पैठणी, आणि मी. काय नेताय विचारलं. गिरीशराव म्हणाले की ट्रेलरमध्ये गाद्या आहेत आणि इथे मेव्हणीबाई. त्याने माझ्याकडे बघून सहानुभूतीने आम्हाला सोडलं.

एकच काळजी आहे. शैला वरून हसते, पण राधिका ट्रकमध्ये पाऊल ठेवेल का, या विचाराने तिचा घास उतरत नाही. घर विकल्यापासून पोरीने ट्रक आतून बघितलेलाच नाही.

तुमची आमटी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे.

तुमची,
सुवर्णा


प्लेनो
२५ एप्रिल २००६

प्रिय सौ. सुवर्णास,

हे पत्र राधिकाच्या पत्त्यावर पाठवतो, तू तिथे असेपर्यंत पोचेल असं वाटतं. शेजाऱ्यांचा लेटरबॉक्स मी बसवून दिला. वाकडा बसलाय, पण ते काही बोलले नाहीत. वसाहतीच्या कमिटीची नोटीस आली, की घरासमोर अवाढव्य वाहन उभं करू नये.

मंडळातल्या चारीजणी संध्याकाळी विचारपूस करायला आल्या. गिरीशराव व्हाइस प्रेसिडेंट ना, मग हे काय, असं म्हणाल्या. मी खरं सांगून टाकलं. तू नव्हतीस, त्यामुळे माझं वाक्य पूर्ण झालं. त्या खूप वेळ बसल्या. आत मोरी असते का, झोपायला जागा किती, आणि गिरीशराव-शैलाबरोबर एखाद्या बाईला पाठवता येतं का, असं सगळं विचारून गेल्या.

तू जाताना सांगितलेली आमटी सापडली नाही. काळजी नसावी.

तुझा,
मोरेश्वर


॥ श्री ॥

रेडमंड, वॉशिंग्टन
३० एप्रिल २००६

ती. स्व. यांस स. न. वि. वि.

काल डोहाळजेवण झालं. तुम्ही नव्हतात हे बरं, आणि वाईटही.

राधिकाच्या अपार्टमेंटच्या आवारात ट्रक चालत नाही. निमिषने खटपट करून जवळच्या चर्चचं मागचं आवार मिळवलं. पाद्रीबाबा भले गृहस्थ आहेत. बाहेर पाऊस. अपार्टमेंट एवढंसं, आणि निमिषच्या ऑफिसातल्या सगळ्या बायका आलेल्या. बसायचं कुठे? गिरीशरावांनी गाद्या गोदामात उतरवून आल्यावर रिकामा ट्रेलर झाडून घेतला. त्रेपन्न फूट लांब हॉल हो! आपला चोवीस आहे. माल हलू नये म्हणून आडव्या लावतात त्या लोखंडी दांड्यांना त्यांनी माल बांधायच्या पट्ट्यांनी फळी टांगली. झोपाळा तयार. खात्री करायला आधी निमिष आणि पाद्रीबाबांना एकत्र बसवून झोके दिले. पाद्रीबाबा उतरेचनात.

दिवे लावले, मसालेभाताला फोडणी बसली, आणि ट्रेलरचं दार उघडं. चर्चच्या लोकांना वाटलं की पाद्रीबाबांनी गरिबांसाठी अन्नछत्र उघडलंय. टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या छत्र्या घेऊन रांगेत! शैला घाबरली. मी म्हटलं, आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही, आज तर नाहीच. सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. भात पुरला. मी पुरवला.

मुलगा की मुलगी ओळखायला मी दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. राधिका हात पुढे करणार, तेवढ्यात एका आजीबाईंनी दोन्ही झाकणं काढून दोन्ही खाल्ले आणि दोन्ही छान आहेत म्हणून सांगितलं. तेव्हा जे होईल ते होईल.

राधिका हिरव्या पैठणीत आणि फुलांच्या मुकुटात अशी दिसत होती की गिरीशराव पट्ट्या तपासायच्या निमित्ताने सारखे पाठ वळवून डोळे पुसत होते. पण कार्यक्रम होईपर्यंत ती फक्त ट्रेलरमध्ये होती. पुढच्या खोलीत गेली नाही. शैलाने बोलावलंही नाही. मग ओट्या भरून झाल्या, पाय सुजले, पोरीला पडायचं होतं. कुठे पडू म्हणाली. शैला खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागली, मीही. तिचं तीच उठली, पुढे गेली, गिरीशरावांचा हात धरून पायऱ्या चढली, आणि आत गेली.

आत शैलाने पलंगाशेजारची भिंत हिरवी रंगवलेली आहे. ट्रॉयच्या तिच्या खोलीची होती तीच हिरवी. घर ताब्यात देण्याआधी उरलेला डबा सोबत घेतला होता म्हणे. मी तीन दिवस त्या भिंतीला टेकून झोपले आणि माझ्या डोक्यात आलं नाही. पोर भिंतीवर हात ठेवून झोपून गेली. तीन तास. आम्ही सगळे बाहेर पावसात, आवाज नको म्हणून.

मी मंगळवारी विमानाने येते. ट्रकने यायची इच्छा होती, पण त्यांना माल पार दुसऱ्या टोकाचा, मेन राज्याचा मिळालाय.

तुमची,
सुवर्णा


॥ श्री ॥

ब्यूट, मोंटाना
१६ ऑगस्ट २००६

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर सगळं कळलंच आहे, पण तू म्हणतेस तसं पत्रात पूर्ण बोलता येतं.

रुही दीड महिन्याची झाली. हॉस्पिटलमधून निघताना निमिषने गाडी अपार्टमेंटकडे वळवली, तर राधिकाने त्याला विचारलं की इकडे कुठे, माझं माहेर चर्चमागे येऊन उभं आहे. मग काय, सव्वा महिना लेक आणि नात आमच्या हिरव्या भिंतीशी, मी वरच्या माच्यावर, आणि हे बाहेर पाद्रीबाबांच्या सोफ्यावर. जावई रोज संध्याकाळी सासुरवाडीला यावं तसा शर्ट खोचून, फळं घेऊन यायचा आणि दारावर टकटक करायचा. एवढी फळं आणली की चर्चमध्ये वाटली. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं झालं. ओव्याची धुरी दिली तेव्हा धुराचा अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली. त्यांनाही लाडू दिले.

नातीचं एकच बिनसलंय. जनरेटर चालू असला तरच झोपते. अपार्टमेंटमध्ये आता रोज रात्री निमिष व्हॅक्यूम क्लीनर लावून बसतो.

परवा आम्ही निघालो. राधिका घरी परतली होती, ती बाळाला घेऊन निरोप द्यायला आली. मी तिची ओटी भरायची तयारी केली होती. लेक माहेराहून निघते तेव्हा आई भरते, एवढंच मला माहीत. तर तीच पिशवी घेऊन आलेली. तू ठेवून गेलीस त्यातला खण, नारळ, तांदूळ. मी म्हटलं, अगं उलटं काय करतेस? ती म्हणाली, आई, मी इथेच आहे. निघालंय ते माझं माहेर. मग ओटी माहेरची भरायची ना?

ताई, ह्या पोरीला अ आ इ ई अजून धड लिहिता येत नाही. हे तिने डोहाळजेवणाला बघून ठेवलं होतं. मला पदर कुठला? पावसाचं जॅकेट पुढे पसरलं. ट्रकच्या पायरीवर उभी राहिले मी, आणि खाली माझी लेक ओंजळीने तांदूळ घालतेय. कुंकू लावताना तिचा हात पोचेना, मी वाकले. मग ती म्हणाली, लवकर ये. ताई, हे वाक्य माझं होतं. मी ते तिला तिच्या लग्नात म्हटलं होतं.

मी गाडी चालवायची ठरली होती, पण दिसत काही नव्हतं, म्हणून ह्यांनी घेतली. त्यांनाही दिसत नव्हतं. आम्ही चर्चच्या फाटकाशी पंधरा मिनिटं थांबून मग निघालो. त्या गडबडीत जॅकेटमधला नारळ निसटला आणि कुठे गेला ते सापडेना. तांदूळ अजून पायात येताहेत.

तुझी मंडळातली यादी मिळाली. चारीजणींना एकदम नेता येणार नाही, एकेकीला नेऊ. तू पहिली.

लोभ आहेच. वाटेत कुठे सांडला तर उचलून घ्यावा.

तुझी,
शैला

ता. क. नारळ माझ्या सीटखालीच आहे. काढायला ह्यांनी काठी आणली होती, मी नको म्हटलं. डोंगरातलं वळण आलं की तो घरंगळतो आणि माझ्या टाचेला येऊन लागतो.